कळपाचा आराखडा

उत्तर चिलीत, समुद्रापासून दोन दिवसांच्या चालीवर
एका टेकडीच्या अंगावर लामा आहेत.
(भिक्षू नव्हेत. लांब मानेची, लोकरीची जनावरं.)
कुणीतरी काळे दगड बाजूला सारले,
खालची फिकट माती उघडी पडली
आणि कळप निघाला पश्चिमेला, पाठीवर मीठ घेऊन.
किती शतकं झाली. अजून पोचतोच आहे.

शेजारच्या उतारावर आम्ही अकरा नवे मांडले, काचेचे.
प्रत्येकाला चौऱ्याऐंशी सौरपट्ट्या,
तोंडं समुद्राकडे, कुशी उत्तरेच्या उन्हाला.
इथला सूर्य उत्तरेकडून जातो
हे अंगात मुरायला मला अख्खा हिवाळा लागला.
वीज गावाला, चित्र डोंगराला,
असं मी अर्जात लिहिलं होतं. वाक्य बरं जमलं होतं.

एदुविहिस चायापा वर आली
हातातली चाती न थांबवता.
लोकर कातता कातता तिनं नुसत्या नजरेनं कळप मोजला.
"पिल्लू कुठंय?"

मी आराखडा पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.
मोकळी जागा एकच,
थोरल्या मादीच्या पोटाशी, घळीच्या काठावर.
तिथं तीननंतर कड्याची सावली येते.
मी आकडे सांगितले, अर्धा दिवस वाया,
चार पट्ट्यांचा खर्च फिटायला सतरा वर्षं.
तिनं ऐकून घेतलं,
बाजारात दुसऱ्याचा भाव ऐकून घेतात तसं.
मग म्हणाली,
"तीननंतर पिल्लं झोपतातच."

पिल्लू बसवलं त्याला आता चौथं वर्ष.
सकाळी सगळ्यांआधी तेच चमकतं,
घळीचा काठ पूर्वेला कललेला आहे.
हे माझ्या आराखड्यात नव्हतं.

इथं पाऊस नाही, धूळ झाडावी लागते.
अकरांना गावची पोरं झाडतात, पगारावर.
पिल्लाला ती, कोरड्या कुंचल्यानं,
आधी कान, मग पाठ,
आणि फेब्रुवारीत, सगळ्या खऱ्या जनावरांना बांधते तसा
त्याच्याही चौकटीला लाल लोकरीचा गोंडा.

गोंड्याची सावली दिवसभर काचेवर हलत राहते.
बोटभर सावली,
पण तेवढ्यानंही पट्टी निम्मी मंदावते.
महिनाअखेरीस नोंदवहीत
तुटीच्या रकान्यासमोर मी लिहितो,
धूळ.