मांजराचं काय झालं

सीवूड्सच्या मॉलबाहेर, रात्री पावणेएक.
सायकलवाला थर्मास कानाशी हलवून पाहतो
आणि म्हणतो, चारच होतील.
आम्ही चौघंच.

पहिला आक्षेप नेहमीप्रमाणे सुधन्वाचा:
यान दोनशे वर्षं चालतंय, ठीक.
सगळे बर्फाच्या पेट्यांत झोपलेत, तेही ठीक.
मग कॅप्टन डोळे उघडतो तेव्हा
टेबलावर वाफाळती कॉफी ठेवली कुणी?

मी म्हणते, कॉफीचं सोड.
ती इंजिनिअर मध्यंतरापर्यंत डावखुरी आहे,
नंतर वेल्डिंग उजव्या हातानं करते
आणि भाजल्याचा डागही तिच्यासोबत गाल बदलतो.
(मी ऐरोलीच्या कॉलेजात पेपर तपासते.
चूक दिसली की लाल पेनाचं टोपण
आपोआप निघतं.)

ब्लेसी, जिचं मराठी आम्हा तिघांहून शुद्ध,
शांतपणे विचारते:
सुरुवातीला एक मांजर होतं. राखाडी.
कॅप्टनच्या बुटावर झोपलेलं.
त्याचं काय झालं?

आम्ही गप्प.
गुरुत्वाकर्षणावरून तावातावानं भांडलो,
मांजर कुणाच्या लक्षातच नाही.

मग सावरून मी म्हणाले, खरा घोळ कॅप्टनचा.
आधी एका माणसासाठी अख्खं यान वळवतो,
शेवटी अकरा पेट्या सोडून निघतो,
वळूनही बघत नाही.
हा तो माणूसच नव्हे. मध्येच लेखक बदलला असणार.

घरत इतका वेळ कठड्यावर बसून होता.
कागदी कप चुरगळून म्हणाला,
"नाय. माणूस तोच हाय."

"आमचा नामाकाका
मोजणीच्या साखळीवर आडवा झोपलेला, तीन दिवस.
आयनं तांदळाच्या भाकऱ्या तिथंच नेल्या.
पुढच्या गौरीला गावातला पहिला चेक
त्यानंच घेतला.
मधला सीन आमी अजून शोधतोय.
काकीनं एकदा विचारलं,
तर त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला."

सुधन्वा म्हणाला, म्हणजे भोक तुमच्या प्लॉटमध्येच.
घरत खो खो हसला.
"प्लॉट कुठं मिळालाय अजून!
साडेबारा टक्क्यांची फाइल फिरतेय.
भोक तेवढं मिळालं, वेळेवर."

मग त्यानं उलव्याच्या दिशेला बोट केलं,
जिथं नुसते दिवे होते.
"तिथं डोंगर व्हता.
एका शॉटमध्ये हाय, दुसऱ्यात नाय.
तेव्हा या कंटिन्युटीवाल्या बाई कुठं व्हत्या?"

बेलापूरला, भाड्याच्या घरात.
दुपारी सुरुंग उडाला की काचा थरथरायच्या.
मी पेपरांवर डबा ठेवायचे, उडू नयेत म्हणून,
आणि पुढचा पेपर घ्यायचे.
हे मी बोलले नाही.

बोलले ते असं: तरी सिनेमाला कारण द्यावं लागतं, घरत.
काकाला नाही द्यावं लागत.
"तेच तर," तो म्हणाला, "काकाचं बरंय."

सायकलवाल्यानं पैसे मोजले, एक रुपया कमी निघाला,
त्यावरून पुन्हा पाच मिनिटं.
ब्लेसीची रिक्षा आली. बसता बसता ती म्हणाली,
मांजराचं कुणी सांगितलंच नाही.

मंगळवारी दुपारी घरतचा मेसेज:
परत बघितला. सकाळचा खेळ.
हॉलात मी आणि एक झोपलेला माणूस.
यान निघतं ना, तेव्हा अकराव्या पेटीच्या मागं,
खाली, डावीकडं,
शेपूट.

मी लिहिलं, ती वायर आहे.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
मी नऊ पेपर तपासले,
एकाला चुकून जास्त मार्क दिले, खोडले,
पुन्हा दिले.

साडेसातला फोन उजळला:
वायर हलते काय, बाई?