तासाला एकेचाळीस

ह्यांच्या घोरण्याचा मला त्रास नव्हता.
त्रास होता मधल्या जागेचा.
घोरणं तुटायचं, आणि मी अंधारात
बोटांची पेरं मोजायची : नऊ, दहा, अकरा...
एकदा तेविसाला पोचले आणि कोपराने ढोसलं.
"काय गं?" म्हणाले, चिडून,
अगदी जिवंत माणसासारखे.

जेल रोडच्या डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं.
दुसऱ्यांनी झोपेची गोळी दिली.
ती मी चहाच्या डब्यामागे ठेवली, कधी काढलीच नाही.
प्रेसमध्ये तीस वर्षं नोटांचे गठ्ठे मोजलेला माणूस,
एक चूक नाही,
द्वारकेच्या सिग्नलला स्कूटरवर पेंगला.
मागून हात घालून हँडल मी धरलं.

मग कॅनडा कॉर्नर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
आहेर डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं,
"रात्री तुम्ही काय पाहता?"
मी सांगत राहिले.
बाहेरच्या पेशंटने दोनदा दार ढकललं.

भूषण खैरनार घरी येऊन
ह्यांच्या छातीला वायरी, बोटाला चिमटा लावून गेला.
दोन दिवसांनी कागद आला :
श्वास थांबतो, तासाला एकेचाळीस वेळा.
म्हणजे माझं मोजणं खरं होतं.
हायसं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली.

मेडिक्लेमवाले म्हणाले, घरी वापरायचं यंत्र बसत नाही.
मग काय रोज रात्री दवाखान्यात निजायला न्यायचं?
"मॅडम, कॉल रेकॉर्ड होतोय," मुलगी म्हणाली.
म्हटलं, होऊ दे.

मशीन आधी भाड्याने घेतलं.
पहिला मास्क मिशीवरून फुस्स करायचा,
दुसऱ्याने नाकावर वळ उठले.
तिसऱ्यासाठी ह्यांनी मिशी उतरवली, लग्नाच्या आधीची.
मोरीतून एक अनोळखी ओठ बाहेर आला,
मागोमाग हे.

मेडिकलमध्ये डिस्टिल्ड वॉटर मागितलं,
तर पोऱ्या म्हणाला, "काकू, बॅटरीला का? गाडी कोणती?"
"सदुसष्टचं मॉडेल," मी म्हटलं.
"सुरू होते अजून?"
"होते. सकाळी एका हाकेत."

काल दोन वाजता लाइट गेली.
मशीनची भुणभुण थांबली म्हणून मी जागी झाले.
हे मास्क काढून उठून बसलेले,
"झोप तू," म्हणाले, "मी जागा आहे."
इन्व्हर्टरचं बघायला हवं.