चौकोनाच्या जागी

गोळीबार चौकातून दोन गल्ल्या आत
झेरॉक्स आणि हळदीच्या दुकानामध्ये माझं टेबल.
पाटी अजून तीच : डीटीपी, मराठी-हिंदी.
मे महिना. कूलरची खस वाळून तट्ट,
मघाशी मारलेलं बादलीभर पाणी अर्ध्या तासात उडालं.

दुपारी दीडला दिगांबर नंदनवार आले.
रुमालात सीडी, सीडीवर स्केचपेनने
विणकर सोसायटी, सभासद, ९९.
"ताई, नव्या कम्प्युटरवर पाहा ना,
सारी नावं झपाटल्यावानी दिसून राहिली."

उघडली.
टोपी घातलेले ए, शेपटीवाले सी,
डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं.
चारशे बारा माणसं
दुसऱ्याच कुणाचे कपडे घालून रांगेत उभी.

मी भ्याले नाही.
कचरा दिसतो तोवर आतलं अक्षर जिवंत असतं,
त्याचा फक्त फॉन्ट हरवलेला.
साधी सरळ प्रश्नचिन्हं झाली की मात्र हात जोडायचे.
हे क्लासात नाही शिकले,
इतवारीच्या प्रेसमध्ये शिकले,
एका नवरदेवाचं नाव पाचशे पत्रिकांवर
तसंच छापून गेलं त्या दिवशी.

आधी वेलांट्या.
जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते,
नव्यात ती शेजारच्याच्या गळ्यात पडते.
रफार एक घर पुढे सरकलेला.
श्री फुटून दोन तुकडे.
फाइंड, रिप्लेस. फाइंड, रिप्लेस.
पराते ताळ्यावर आले, सोनकुसरे आले,
चहा आला, थंड झाला.

एकच अक्षर हट्टाला पेटलं.
जिथं ळ, तिथं रिकामा चौकोन.
"तुम्ही वाचा," म्हटलं, "मी भरते."
ते वाचू लागले :
तुयसाबाई. गोपाय. कमयाबाई.
मी ऐकत होते य, टाकत होते ळ.
बोट चुकत नव्हतं. माझ्याही घरी
नयाला पाणी येते, डोयात कचरा जाते,
ऑटोवाला मला गोयीबार चौकातच सोडते.
हा कन्व्हर्टर आमच्या तोंडात बसवलेला,
त्याचं लायसन्स कुणी मागितलं नाही.

दोनशे सदुसष्टवर ते थांबले.
मा▯ाबाई गणपत नंदनवार.
"ही माही आई. माया."
मी य टाकला. आणि पुसला.
"भाऊ, य तर सगळीकडे शाबूत आहे.
चौकोन फक्त ळ चा झाला."

कूलर घरघरत राहिला.
"राशन कार्डावर माया आहे," ते म्हणाले.
"मीच सांगितलं होतं. मरणाच्या दाखल्यावरही."
उमरेडच्या मावशीला फोन लावला, स्पीकरवर.
"मायाच होय ना बाप्पा! आबानं ठेवलेलं नाव, माया!"
फोन ठेवला.
काहीच सिद्ध झालं नव्हतं.
मावशीच्याही तोंडात तेच मशीन.

मग टेबलाखालची जुनी पेटी चालू केली,
भंगारवाल्यानं दोनदा नाकारलेली.
पंखा खोकला. पडदा पिवळट उजळला.
फॉन्ट होता तिच्यात.
सीडी तीनदा फिरली, अडली, फिरली,
आणि खालून वर सरकत सरकत
माळाबाई.

दिगांबरभाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला,
काचेला नाक लागेल इतके वाकले.
"हा ळ गाठीवानी दिसते," म्हणाले.
"मागावर धागा तुटला की आई अशीच मारे.
दोन फेर, अन् आंगठ्यानं दाबून."
बोट बराच वेळ काचेवर.

"मग काय ठेवू?"
"आहे ते ठेवा." आणि दारातून वळून,
"मी पण मायाच म्हणीन."

साठ रुपये झाले.
सीडी ते माझ्याकडेच विसरले.
जुनी पेटी
मी लगेच बंद केली नाही.