दोन बोटं बाजूला

पहिला खिळा वाकला.
दुसरा उडून कपाटाखाली गेला,
अजून तिथेच असेल.
तिसऱ्यानं भिंतीवर टिकलीएवढा
पांढरा टवका काढला, बास.

बोहरी आळीत हुजैफाभाईंनी विचारलं,
वीट की काँक्रीट?
म्हटलं, नऱ्ह्याला आहे, सहावा मजला.
मग काँक्रीटच, ताई.
हल्ली भिंती बांधत नाहीत, ओततात.
पुडीत दिल्या चार गिट्ट्या, चार हुकाचे स्क्रू.
एकच हवाय, म्हटलं.
घेऊन ठेवा, म्हणाले, पहिलं भोक चुकतंच.
आणि ड्रिल भाड्यानं, सातच्या आत परत.

अकरा-अकरा महिन्यांची सात घरं.
प्रत्येक करारात तेच कलम,
भिंतीला भोक पाडू नये.
कर्वेनगर, वारज्यात दोनदा, धायरी, पुढचं आठवत नाही.
माझा आरसा सगळीकडे जमिनीवर टेकून उभा,
चौदा किलोंचा, जुन्या बाजारातला, साखळीसकट.
सात घरं त्यात मी बघत आले
सलवारीचा घेर, पायाचे अंगठे,
दुसऱ्याची फरशी.

पेन्सिलीची खूण.
हात थरथरला, तो ड्रिलमुळे
असं म्हणायची सोय होती.
अर्धा इंच आत, आणि आवाज बदलला,
किंचाळल्यासारखा.
मी अंग टाकून रेटत राहिले
बिटाचं टोक निळं पडेपर्यंत.

बेल वाजली. वाटलं, तक्रार.
शेजारच्या कुंजीरबाई.
पाच महिन्यांत लिफ्टमध्ये मान हलवली, तेवढीच ओळख.
सळई लागलीय तुम्हाला, म्हणाल्या.
भोसरीत सव्वीस वर्षं ड्रिल मशीनवर होते मी,
लोखंड वेगळं ओरडतं.
तिच्याशी भांडू नका, तिनंच घर धरलंय.
दोन बोटं बाजूला घ्या.

दोन बोटं बाजूला
बिट मुकाट आत गेलं,
करड्या पिठाची धार माझ्या पायांवर.
मी गिट्टी उचलली.
थांबा, आधी धूळ काढा.
धूळ राहिली तर गिट्टी धुळीला धरते,
भिंतीला नाही.
नळी माझ्याकडे नव्हती,
त्यांनी नातवाच्या ज्यूसच्या खोक्याची आणली.
डोळे मिटून फुंका, म्हणाल्या.
मी उघडेच ठेवले.

शेवटच्या तीन आट्यांना स्क्रू जड झाला.
बास. आणखी पिळलंत तर गिट्टी जागच्या जागी फिरेल,
मग जन्मात बसायची नाही.
मी विचारलं, एवढं वजन हा धरतो कसा?
तो कुठला धरतोय, म्हणाल्या.
तो आतून फुगतो. भिंत आवळते त्याला.
आणि पदर खोचून, दोन्ही हातांनी
त्या हुकाला लोंबल्या,
पासष्टीच्या बाई, टाचा फरशीवरून उचललेल्या,
चेहऱ्यावर तपासणीचा गंभीरपणा.
पास, म्हणाल्या, आणि कुकर लावलाय म्हणून गेल्या.

आरसा आता तोंडासमोर.
भुवयांत सिमेंट, उजवा डोळा लाल,
सत्तेचाळिशीची एक बाई
माझ्याकडे बघते आहे
करार वाचल्यासारखी.

वर, हुकापासून दोन बोटांवर,
ते पहिलं भोक.
पुट्टीचा डबा आणलाय. उघडला नाही.
ड्रिल परत द्यायला साडेआठ झाले,
हुजैफाभाईंनी पन्नास जास्त घेतले.
उरलेल्या तीन गिट्ट्या
मी परत केल्या नाहीत.