एक प्राण राखून

शिवडीला उबेदच्या मामूचं बाइंडिंगचं दुकान.
नऊला शटर अर्धं खाली येतं
आणि आम्ही तिघं रिमांच्या थप्प्यांवर बसून
जग बनवायला घेतो.
कटिंग मशीनखालच्या पट्ट्या, तेच आमचे पत्ते.
खळीचा वास बोटांना लागतो,
घरी गेल्यावर भातालाही.

नावावरूनच पहिली अडचण.
वर्ग म्हटलं की शाळा आठवते.
मग जात म्हणूया का, मी म्हणालो.
नको, दोघंही एकदमच म्हणाले.
शेवटी पेशा ठरलं.

लढवय्या सोपा असतो:
प्राण चाळीस, वार सात, अक्कल दोन.
मांत्रिक: प्राण अठरा, बाकी सगळं तोंडात.
चोरावरून भांडण झालं,
कारण उबेदला तो प्रामाणिक हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात प्रणोती वैती म्हणाली,
ह्यात माझ्या ओळखीचं कुणीच नाही,
आणि पट्टीवर लिहिलं: तांडेल.
मी लगेच त्याला जाळं दिलं,
शत्रू दोन डाव अडकतो.
ती हसली. जाळं टाकणारे वेगळे.
तांडेल उभा राहतो, वारा हुंगतो,
म्हणतो, आज नाय,
आणि सगळ्यांना परतावं लागतं.
असला पेशा कोण घेईल?
माझ्या काकाने घेतला होता, ती म्हणाली, एकतीस वर्षं.

मग अवस्था.
भोवळ: एक डाव वाया.
मौन: मंत्र बंद, हातवारे चालू.
गारठा: वेग निम्मा
(गारठ्याचा अनुभव तिघांनाही नाही;
बँकेतला एसी धरून आकडा काढला).
नजर: प्रत्येक फासा एकाने कमी पडतो,
उतारा मीठमोहरी.
मिरच्या लिही, प्रणोती म्हणाली.
आमच्यातही मिरच्याच, उबेद म्हणाला.
उधारी, ही माझी:
मेल्यावरही सुटत नाही,
शेजारच्या खेळाडूला लागते.

विषावर अडलो.
माझा हिशेब स्वच्छ होता:
दर डावाला तीन प्राण, शून्यावर खलास.
उबेद म्हणाला, नाही. एका प्राणावर थांबतं.
मग भीती कसली राहिली?
विष चढलेला माणूस आरामात हिंडेल अख्खा किल्ला.
आरामात? तो म्हणाला.

मी फासे टाकून दाखवले, शंभर डाव, वहीत रकाने पाडून.
तो पत्त्यांचे कोपरे गोल कापत होता.
कापता कापताच म्हणाला,
मंगळ, गुरू, शनी. अम्मी चार तास मशीनवर.
मधे रवी-सोम दोन दिवस लागोपाठ येतात ना,
सोमवारी रात्री ती एका प्राणावर असते.
पाय सुजलेले, पाणी मोजून,
आणि त्या एका प्राणावरून मला विचारते,
डबा घासायला टाकलास का.

कुणी काही बोललं नाही.
पट्ट्या उडत होत्या म्हणून
प्रणोतीने पंखा एकवर आणला.
मी शून्यावर काट मारली.

विष: एका प्राणावर थांबतं.
त्या प्राणावर चालता येतं, बोलता येतं,
दुसऱ्याला झापता येतं.
खाली पेन्सिलने: वैद्य हा पेशा अजून कुणी घेतलेला नाही.

काल पहिल्यांदा अख्खा खेळ लावला.
तिसऱ्या दालनात माझ्याच लढवय्याला विंचू चावला.
चाळीसवरून घसरत घसरत एकावर आलो
आणि थांबलो.
खजिना दोन दालनं पुढे.
मी फासे हातात खुळखुळवले. जाऊया, म्हणालो,
मरत तर नाही मी.

प्रणोतीने आपला तांडेल उचलला,
अर्ध्या शटरखालून येणाऱ्या हवेकडे नाक केलं,
बराच वेळ.
आज नाय.

मी चिडलो. खरंच चिडलो.
पण नियम लिहिताना मीच होतो वही धरून.

सोमवार होता.
उबेदने फासे डबीत भरले,
उद्या पहाटे पाचचा नंबर आहे म्हणाला.
ते शटर मधेच अडकतं,
उचलायला तिघंही लागतो.