मुकादमाच्या गोळ्या

एकतीस वर्षं मी गोळ्या मोजल्या,
मालवा मिलकडच्या दवाखान्यात, पत्र्याच्या ट्रेवर,
पाचापाचाने, बोथट सुरीने ओढत.
पांढऱ्या, गुलाबी, अर्ध्या तोडलेल्या.
पुडीवर लिहायचो: सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.
मिल बंद पडल्यावरही तेच लिहायचो.
जेवण आहे का, हे विचारायचं काम माझं नव्हतं.

आता मोजतो मुकादमासाठी.

मुकादम हे कासवाचं नाव.
सोनवलकर पुण्याला फ्लॅटमध्ये गेले तेव्हा
टबात घालून आणून दिला. म्हणाले,
काही लागत नाही ह्याला, पालक आणि काकडी.
सकाळी अंगणभर फिरतो, फरश्यांची हजेरी घेतो,
नळापाशी थांबतो आणि असं बघतो
की वाटावं, कोणीतरी आज खाडा केलाय.
नऊ वर्षं पालक आणि काकडी.
मला वाटायचं, सुखी माणूस आहे.

कालिंदी, माझी भाची, महूला जनावरांची डॉक्टरी शिकते.
दिवाळीत आली, आणि फराळाला हात लावायच्या आधी
तिने त्याला उचलून उजेडात धरलं,
पाठीवरून बोट फिरवलं: हे उंचवटे बघ, मामा.
एकेक खवला टेकडीसारखा वर आलाय.
नुसत्या पालकाने होणार काय दुसरं,
तो कॅल्शियम बांधून ठेवतो, अंगी लागू देत नाही.
मला हे कळायला हवं होतं.
ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका,
असं मीच सांगायचो ना खिडकीतून लोकांना.

मग यादी आली. जास्वंदीची पानं, फुलंसुद्धा,
तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग,
दूर्वा, आणि मागाहून कुरिअरने एक डबा:
कासवांसाठीच्या सुक्या गोळ्या.
आठवड्यातून दोनदा, कोमट पाण्यात भिजवून.
"मूठभर नाही हं मामा, मोजून.
जेवण नाही ते. जेवणाच्या जोडीला आहे."

भिजल्या की फुगतात. वास पावसात विसरलेल्या गवताच्या पेंढीचा.
पहिल्या दिवशी मुकादमाने हुंगल्या,
मान आत घेतली, आणि बशीवरून चालत गेला.
बशीवरून. शेजारून नाही.
दुसऱ्या खेपेला काकडीच्या चकत्यांखाली लपवल्या.
काकडी संपली, गोळ्या जशाच्या तशा.
त्यानंतर दोन दिवस उपास.
त्याचा. मीही खिचडीच लावली होती, रोजचीच.

फोनवर कालिंदी म्हणाली, धीर धर, शिकेल.
आणि तू काय जेवलास?
मी म्हणालो, रेंज नाहीये इथे.

रविवारी पोह्यांच्या गाडीपाशी उभा होतो.
पुढचा माणूस म्हणत होता, "भिया, सेंव थोड़ी और."
गाडीवाल्याने घातली. "और." आणखी घातली.
या गावात शेव भुरभुरल्याशिवाय
काहीच घशाखाली उतरत नाही,
आमटी नाही, दही नाही, एका लग्नात तर आमरससुद्धा.
मी पोहे अर्धे टाकून घरी आलो.

गोळ्यांना नुसता पाण्याचा हबका दिला,
चमच्याच्या पाठीने चुरल्या
आणि जास्वंदीच्या ओल्या पानांवर पेरल्या, बारीक शेवेसारख्या.

मुकादम आला. हजेरी घेतली.
पान कडेने धरलं, गंजक्या कात्रीने कापावं तसं
कुरतडलं. थांबला.
बराच वेळ थांबला.
मग पुन्हा वाकला.
चोचीला तपकिरी चुरा.

दोन गोळ्या बशीत उरल्या.
जुनी खोड आहे: नवं मिक्श्चर आलं
की थेंबभर जिभेवर ठेवून बघायचो.
ठेवली एक. गवत, जराशी माती,
मीठ औषधालाही नाही.
हात आपोआप जिरावणाच्या डबीकडे गेला.

मुकादम नळापाशी उभा राहून बघत होता,
लेट मार्क लावावा की नाही, अशा विचारात.