नंबर तोच राहील

स्कॉटलंडच्या नकाशावर आमचं बेट
अंगठ्याखाली झाकलं जातं.
तिथे जुन्या कंपनीची रेंज
फक्त मेंढ्यांच्या कोंडवाड्याच्या भिंतीपाशी,
तीही वरचा दगड निसटलाय त्या कोपऱ्यात,
आणि फोन डाव्या कानाला लावला तरच.
हसू नका, उजव्याला लावून बघितलाय मी.

मी या बाजूला, पलीकडे बारा पावलांवर रोरी.
पावलं वकिलाने मोजलेली आहेत.
अकरा वर्षांपूर्वी रोरीचा मेंढा माझ्या कुरणात शिरला,
तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

वाऱ्याला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.
त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे गेलं
ते कानावर आलं.
त्याची लेक इनव्हर्नेसला कुणा दातांच्या डॉक्टरबरोबर राहते,
आणि तो मनुष्य मटण खात नाही,
हे भावाला सांगताना रोरी आवाज खाली आणायचा,
तरी आलं.
माझी बहीण मॅरिएटा गेली त्या मंगळवारी
मी फोनमध्ये नुसतं "कधी?" म्हणाले.
त्याने टोपी काढली
आणि माझा फोन संपेपर्यंत
समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

यंदा दक्षिणेच्या टेकाडावर
दुसऱ्या कंपनीचा टॉवर आला.
भाचा म्हणाला, एफी मावशी, आता तरी सोड ती भिंत.
एक मेसेज टाकायचा, ते नऊ अक्षरी कोड देतात,
तो नव्या कंपनीला द्यायचा, झालं.
नंबर तोच राहील.
मग बदलतं काय, मी विचारलं.
बाकी सगळं, म्हणाला.

सोडून जाते म्हणून कळवायलाही
भिंतीपाशीच जावं लागलं.
गारा पडत होत्या. कोड आला,
त्याच्या मागोमाग आर्जव:
अठरा वर्षांची साथ, सहा महिने निम्म्या दरात राहा.
अठरा वर्षांत वाढदिवसालाही विचारलं नव्हतं.
कोड चाऱ्याच्या पावतीमागे उतरवला.
ओ की शून्य, चष्म्यावरल्या पाण्यातून कळेना,
म्हणून दोनदा मोठ्याने वाचला.
पलीकडे रोरी होता.
फोन त्याच्या हातात होता, कानाला नव्हता.

मग एक अख्खा दिवस मी कुणाचीच नव्हते.
जुनीने सोडलेली, नवीने घेतलेली नाही,
रेंजच्या काड्यांच्या जागी एक फुली.
दुसऱ्या संध्याकाळी फोन चक्क स्वयंपाकघरात वाजला.
मी सवयीने वाऱ्यावर ओरडावं तशी ओरडले.
बँकेची मुलगी म्हणाली, बाई, हळू बोला.

आता सगळं खुर्चीत बसून होतं:
गुरांचा डॉक्टर, बँक, भाचा.
चहा गार होत नाही.
गुडघ्याची नवी तारीख चौदा होती.
चौदा उलटली, वीस उलटली.
दुकानात विचारता आलं असतं,
पण ज्याच्याशी अकरा वर्षं बोललो नाही
त्याच्या गुडघ्याची चौकशी
कोणत्या तोंडाने करायची?

शनिवारी एक मेंढी कमी भरते म्हणून वर गेले.
मेंढ्या पुऱ्या होत्या.
रोरी काठीवर रेलून भावाशी बोलत होता.
मीही फोन काढला, डाव्या कानाला लावला.
दगडासारखा मुका.
नव्या कंपनीला टेकाड आडवं येतं.

त्याने फोन ठेवला. बघितलं.
"तुझं आता इथे लागत नाही."
"माहितेय."
"कोड मीही मागवला होता," तो म्हणाला.
"तीस दिवसांत वापरायचा असतो. राहून गेला."

मग काठी दुसऱ्या हातात घेतली
आणि गुडघ्याचं सांगायला लागला,
अगदी पहिल्यापासून,
जसं काही मला ठाऊकच नाही.
मीही ठाऊक नसल्यासारखी ऐकत राहिले,
फोन तसाच कानाला.